राहून गेलेल्या दोन ओळी

गुरुप्रसाद मेस्त्रीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. आखातातल्या मीना अल-अहमदी तेलबंदराकडे जाणारी कामगारांची बस पाचला सुटे आणि खोलीतले बाकीचे पाच जण साडेचारला उठत. मधला पाऊण तास त्याचा. न्हाणीघरातल्या दिव्याखाली बादली पालथी घालून तो तिच्यावर बसायचा आणि लिहायचा. रोज अर्धं पान. शिक्षण सातवी, गाव कुडाळजवळ, काम वेल्डिंगचं. खोलीतले त्याला 'लेखक' म्हणून हाका मारत, ती तेव्हा थट्टा होती. शिवी पुढे झाली.

एका कंत्राटदाराच्या यार्डात स्टेनलेसच्या टाक्या जोडायचं काम चाले. वेल्डर टाकीत उतरला की बाहेर एक माणूस दोरी धरून बसतो. दोरीचं दुसरं टोक वेल्डरच्या पट्ट्याला. गुरुप्रसादची दोरी पाकिस्तानातल्या मर्दानचा पठाण गुलजमान धरायचा.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात भारताने अणुस्फोट केले. मराठी खोलीत पेढे वाटले गेले. गुरुप्रसादने दोन खाल्ले. पंधरवड्याने पाकिस्तानने केले, तेव्हा पठाणांच्या खोलीत बर्फी वाटली गेली. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी गुलजमान हसत म्हणाला, "उस्ताद, अब मुंबई के लिए एक ही काफी है."

त्यानंतर सहा महिने दोघं एकमेकांशी कामापुरतंही धड बोलले नाहीत.

डिसेंबरात एकदा चहानंतर गुरुप्रसाद घाईने टाकीत उतरला. आतली हवा पुन्हा तपासायची असते, ती तपासेपर्यंत तो थांबला नाही. वेल्डिंगचा आर्गन वायू तळाशी साचला होता. त्याला वास नाही, रंग नाही. तो खाली बसला तो बसलाच. दोरी हलेना म्हणून गुलजमानने हाक मारली, उत्तर आलं नाही. मग त्याने एकट्याने सत्तर किलोचा माणूस दोन फुटांच्या तोंडातून वर ओढून काढला. तळहातांची कातडी दोरीबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी हातांना पट्ट्या बांधून तो पुन्हा टाकीपाशी हजर होता.

हे लिहायला गुरुप्रसादला तीन महिने लागले. चार पानं. पेढे, बर्फी, गुलजमानचं वाक्य, स्वतःची घाई, दोरी. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अंकासाठी त्याने ती पाठवली आणि त्याच महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली.

अंकाचे संपादक विजयकुमार हे इन्स्पेक्शन इंजिनिअर. त्यांनी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याला सलवा भागातल्या आपल्या घरी बोलावून घेतलं.

"मेस्त्री, लेख उत्तम आहे. फक्त तो माणूस केरळचा करा."

"केरळचा कसा होईल, साहेब? तो मर्दानचा आहे."

"अहो, रोज तिकडून आपल्या पोरांच्या शवपेट्या येताहेत. आणि आपण छापायचं, पाकिस्तान्याने जीव वाचवला?"

"साहेब, जोड आतून भरला नसेल आणि वरून घासून चकचकीत केला असेल, तर तुम्ही एक्स-रेमध्ये पास करता?"

"लेख म्हणजे जोड नव्हे, मेस्त्री."

"मला दुसरं काही येत नाही."

लेख छापला गेला नाही, पण बातमी पसरली. जवानांसाठी वर्गणी निघाली, त्यात गुरुप्रसादने आठवड्याची मजुरी टाकली. डबा फिरवणाऱ्याने विचारलं, "ही कुठल्या बाजूच्या जवानांना, लेखक?" बसमध्ये गुलजमान चढला की मागून आवाज यायचा, "गुरग्या, तुजो भाऊ इलो बघ!" सात वर्षं मंडळाच्या गणपतीच्या मखराचा सांगाडा गुरुप्रसाद जोडत असे. त्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. तो मंडळाच्या दारावरून परत आला आणि खोलीत वरण-भात खाऊन झोपला. पहाटे पावणेचारला पुन्हा उठला.

पाच वर्षं गेली. दोन हजार चारमध्ये भारताचा क्रिकेट संघ पाकिस्तानात गेला. हवल्ली वस्तीतल्या हॉटेलांत दोन्हीकडचे लोक एका टीव्हीसमोर बसू लागले. मंडळाने मैत्री विशेषांक काढायचं ठरवलं. विजयकुमारांनी स्वतः फोन केला.

"मेस्त्री, तुमचाच लेख पहिल्या पानावर. तेवढं ते मुंबईचं वाक्य आणि बर्फी काढू."

"आणि आपले पेढे?"

"तेही काढू. नुसती दोरी ठेवू."

"दोरी नुसती नव्हती, साहेब," म्हणून त्याने फोन ठेवला.

मग पहिल्यांदा त्याला वाटलं, ज्याच्याविषयी लिहिलं त्याने हे ऐकलेलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत टाकीच्या सावलीत बसून त्याने चारही पानं हिंदीत सांगितली. गुलजमान खाली बघत ऐकत होता. तळहातांवरची कातडी अजून चकचकीत, गुळगुळीत होती. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मेरी बात लिखी, ठीक है. मैंने कही थी. तुमने क्या जवाब दिया था, वो क्यों नहीं लिखा?"

गुरुप्रसाद पानांची घडी घालू लागला. त्याला आठवत होतं. विसरला तो कधीच नव्हता.

"भूल गए?"

"नहीं."

"तो?"

"शरम आई, खान."

"मुझे नहीं आई होगी?" गुलजमानने डबा बंद केला आणि तो दोरी गुंडाळायला उठला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुप्रसादने अर्धं पान लिहिलं नाही, दोनच ओळी लिहिल्या. दोनदा खोडल्या. आपण इतकी वर्षं लोकांना एक्स-रे सांगत होतो आणि आपलाच जोड वरून घासलेला होता, हे त्याला बादलीवर बसल्याबसल्या कळलं. तिसऱ्यांदा लिहिल्या त्या ठेवल्या: "मी म्हणालो, तुझ्या मर्दानात तुझी पोरं जळतील तेव्हा मी इथे पेढे वाटीन. हे मी शुद्धीवर असताना म्हणालो."

दोन हजार सहात तो कायमचा गावी परतला. बायको सुनंदाने पडवीला फरशी घालायचं लावून धरलं होतं.

"फरशी पुढच्या वर्षी," तो म्हणाला.

"आणि यंदा काय?"

"छापखाना."

शेवटच्या पगारातून कुडाळच्या छापखान्यात त्याच्या लेखांच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती छापून झाल्या. पहिला लेख चार पानं आणि दोन ओळींचा होता.