मावशीची तमिळ, मावशीची अरबी

माझ्या धाकट्या मावशीइतका भाषांवर जीव टाकणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि आपल्या विद्येला इतकं घाबरून पळणारं गणगोतही दुसऱ्या कुणाला लाभलं नसेल. पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ती निर्यातीचे कागद करते. मी तिथेच खाली कोल्ड स्टोअरेज सांभाळतो. एकदा दुबईला जाणाऱ्या द्राक्षांच्या खोक्यांवर छापखान्याने उजवीकडून, जोडून लिहायची अरबी अक्षरं डावीकडून उजवीकडे, सुटी सुटी छापली. तिकडून फोन आला, शेठ तापले, आणि मावशी म्हणाली, "पुढच्या वेळी मीच तपासून देईन." ती अरबी शिकली ती अशी. तमिळ तिला ट्रक ड्रायव्हरांनी दिली. चेन्नईकडे माल घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाकडून गेटपासवर सही घेता घेता ती एक शब्द काढून घ्यायची, आणि शब्द दिल्याशिवाय गेटपास सुटत नाही अशी त्या लोकांत समजूतच झाली होती.

रविवारी सकाळी इंदिरानगरच्या तिच्या फ्लॅटमध्ये दोन्ही भाषांचा एकत्र वर्ग भरायचा, फुकट. विद्यार्थी तीन: एक निवृत्त पोस्टमास्तर, आखातात नोकरीला जाऊ पाहणारी एक नर्स, आणि मी, पोह्यांसाठी. फळ्यावर तमिळ डावीकडून निघायची, अरबी उजवीकडून, आणि मध्ये दोघींची टक्कर व्हायची. "बघा," मावशी खडू उगारून सांगायची, "क, त, ब. एवढ्यातून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे कचेरी. अरबी शब्द आतून बदलतो. तमिळ शब्द आपल्यासारखा, शेपूट लावत जातो. घर, घरात, घरातला." अरबांना 'प' नाही म्हणून आपलं गाव त्यांच्या तोंडी बिंबलगाव होतं, आणि 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं हे तमिळला कळतं, अरबीला कळत नाही, हे सांगताना तिला जो आनंद व्हायचा तो लोकांना नातवंडं झाल्यावर होतो. पोस्टमास्तर सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी सुनेला वाचून दाखवायचे. सून वर्गाला कधी आली नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चमधली दुपार होती. हंगाम जोरात. मावशी सकाळपासून वर अरबी लेबलं तपासत बसली होती. मी बाहेर आलो तर चेन्नईच्या ट्रकपाशी हमाल गोळा झालेले. तमिळनाडूतल्या नामक्कलकडचा एक ड्रायव्हर, पन्नाशीचा, पिकलेल्या मिशांचा, चाकाला टेकून बसला होता. शर्ट घामाने भिजला होता. तो एकच शब्द म्हणत होता, "वलि... वलि..."

"लय घाम येतोय हो त्याला," एक हमाल म्हणाला. "हिंदीबी कळत नाय. मॅडमला बोलवा."

मावशी जिना उतरून आली ती जवळजवळ धावतच. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या विद्येसाठी निरोप धाडला होता. तिने वाकून ऐकलं आणि सरळ उभी राहिली. "वली म्हणजे पाठीराखा. मालक. गाडीच्या मालकाला फोन लावा म्हणतोय."

आम्ही कागदांवरचा नंबर शोधला, फोन लावला. व्यस्त. परत लावला. परत व्यस्त. कुणी पाणी आणलं, कुणी पुठ्ठ्याने वारा घातला. मावशी त्याला समजावत होती की थांबा, लागतोय फोन. दहा मिनिटं गेली असतील. त्याचा चेहरा राखेसारखा झाला, आणि त्याने छातीवर हात दाबून, सगळा जोर लावून म्हटलं, "वलिक्कुदु."

मावशीच्या हातातला फोन खाली पडला.

"अरे, शेपूट!" ती ओरडली. "मी अरबी 'वली' समजले! अरबी शब्दाला असलं शेपूट नसतं रे! दुखतंय म्हणतोय तो! छातीत दुखतंय!"

जवळच्या दवाखान्यात त्याला गोळ्या दिल्या, आणि डॉक्टरांनी लगेच अँब्युलन्स करून नाशिकला पाठवलं. "बोलत राहा त्याच्याशी," अँब्युलन्समधला माणूस म्हणाला. मी पायाशी बसलो, मावशी डोक्याशी. दुखतं कुठे, घरी कोण आहे, असं विचारून झालं. ओझर येईपर्यंत तिची तमिळ संपली. मग ती पहिल्या धड्यावर आली. "इदु मरम्. इदु पू." हे झाड. हे फूल. खिडकीला काच दुधी होती; झाड दिसत नव्हतं, फूल तर नव्हतंच. तो डोळे उघडे ठेवून ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "मला तमिळ एवढीच येते." त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि 'तमिळ' हा शब्द स्वतः म्हणून दाखवला. शेवटचं अक्षर आपल्या 'ळ'सारखं नव्हतं. जीभ मागे वळली होती पण कुठे टेकली नव्हती. मावशीने म्हणून पाहिलं. त्याने मान हलवली: नाही. पुन्हा. नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चुकत होती, आणि तो मान हलवत होता. आम्ही नाशिकला पोचलो ते असे.

तो वाचला. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. मावशीने विचारलं, "दहा मिनिटं आधी आणलं असतं तर?" ते दुसऱ्या पेशंटकडे वळले होते, त्यांनी ऐकलं नसावं. रविवारी तिने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. घडलं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. पोस्टमास्तरांनी वही मिटून ठेवली. नर्सने विचारलं, "मॅडम, दुखणं कसं सांगतात तेवढं आधी शिकवता का? दोन्ही भाषांत?" त्या दिवसापासून वर्ग तिथून सुरू होतो.

ड्रायव्हरचा मुलगा त्याला न्यायला आला. स्टेशनवर ड्रायव्हर मावशीला काहीतरी म्हणाला आणि तिने हात जोडले. गाडी हलल्यावर तिने मला अर्थ सांगितला. "जाऊन येतो म्हणाला. त्यांच्यातही नुसतं जातो म्हणत नाहीत."

या हंगामात तोच ट्रक पुन्हा आला. मावशी वरून खाली उतरली, केबिनमध्ये पाहिलं. ड्रायव्हर दुसरा होता. तिने त्याला तमिळमध्ये काहीतरी विचारलं, त्याने हसून उत्तर दिलं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"घरी असतो म्हणे. गाडी सोडली." तिने गेटपास पुढे केला. "बरा आहे. घरी असतो," ती पुन्हा म्हणाली, आणि गेटपासवर सही घेऊन वर निघून गेली. शब्द मागायचं मात्र विसरली.