जिजी नावाची मालकी

जिजींना जिजी म्हणायला सुरुवात केली ती त्यांच्या धाकट्या बहिणीने. बोलायला लागली तेव्हा मोठीला हाक मारायचा तिचा तो शब्द. मग शेजारपाजारचे तसंच म्हणू लागले, मग दुकानदार, मग पोस्टमन. लग्न झालं तेही गल्लीतल्याच घरात, त्यामुळे नाव बदलायची वेळच आली नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते न्यायालयात पुकारा झाला तेव्हा. त्यासुद्धा क्षणभर उठल्या नाहीत. मी कोपराने ढोसलं तेव्हा उठल्या.

जिजींचा नवरा तेलाच्या गिरणीत कामाला होता. त्याचे हात फुटायचे आणि बाजारच्या साबणाने आणखी चिरायचे, म्हणून जिजींनी घरीच साबण करून पाहिला. आधी बरेच वाया गेले. एका खेपेला वड्या इतक्या टणक झाल्या की नवरा म्हणाला, याने हात धुण्यापेक्षा भिंत बांधू. पण बाई हट्टी. तेल बदललं, प्रमाण बदललं, ताव बदलला, आणि शेवटी साबण हाताला मानवला. पुढे नवरा छातीच्या दुखण्याने गेला आणि साबण तेवढा राहिला. मूलबाळ नव्हतं. जिजी मागच्या खोलीत फळ्या ठोकून वड्या वाळवत बसायच्या. तारेने कापलेल्या, पिवळट, ना रंग ना फारसा वास. पुरती मुरल्याशिवाय एक वडी दाराबाहेर जायची नाही. कोणी घाई केली तर म्हणायच्या, कातडी सोलून घ्यायची असेल तर कच्चा नेऊन लाव, पण माझं नाव सांगू नकोस.

बोलणं असं, तरी गिऱ्हाईक तुटायचं नाही. अंगाला खाज असलेली, तान्ह्या बाळांच्या आया, भांडी घासून बोटं गेलेल्या बायका, सगळ्या यायच्या. वेष्टन म्हणजे रद्दीचा कागद. दारावर पाटी आली तीही एका गिऱ्हाइकानेच रंगवून दिलेली: 'जिजीचा साबण'.

भाचा, म्हणजे धाकटीचा मुलगा, या उद्योगात शिरला तेव्हा त्याच्या तीन-चार नोकऱ्या सुटल्या होत्या. गोड बोलायचा, हसून काम करून घ्यायचा. आईचं ऐकून तोही मावशीला जिजीच म्हणायचा. त्याने खोके छापून आणले, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांत माल ठेवला. खरं सांगायचं तर तो नसता तर जिजींचा साबण गल्लीच्या बाहेर गेला नसता. हे जिजी स्वतःही कबूल करायच्या.

एकदा त्याने सांगितलं की नाव नोंदवून घ्यायला हवं, नाहीतर उद्या कोणीही उठून जिजीचा साबण विकेल. जिजी म्हणाल्या, लोक मला जिजी म्हणतात ते कोणत्या कचेरीत विचारून म्हणतात? तो हसला. सगळी धावपळ मी करतो, म्हणाला. त्याने नोंद केली ती स्वतःच्या नावाने. लपवूनही ठेवली नाही, घरी येऊन सांगितलं. मी तेव्हा तिथेच होते, जिजींच्या पोलक्याचं माप घेत होते. त्या म्हणाल्या, "तुझ्या नावावर काय आणि माझ्या नावावर काय. नाव घरातच राहिलं ना."

बिनसलं ते साबणावरूनच. दुकानांची मागणी वाढली आणि वड्या मुरायला लागतो तेवढा वेळ भाच्याला जास्त वाटू लागला. स्वस्त तेल मिसळू, वास घालू, लवकर काढू, असं त्याचं सुरू झालं. जिजींनी ऐकलं नाही. त्याने पुन्हा काढलं, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी तो चिडला. "जिजी, लोक साबण विकत घेत नाहीत. नाव विकत घेतात," म्हणाला आणि गेला. दोन दिवसांनी येईल, असं जिजी म्हणाल्या. तो आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांत नवे खोके दिसले. 'जिजीचा साबण', आणि खाली एका म्हातारीचं चित्र. गुबगुबीत, अंबाडा घातलेली, हसणारी. भाच्याने नाव एका कारखान्याला देऊन टाकलं होतं. मी एक खोका विकत आणून जिजींना दाखवला. त्या चित्राकडे बघत म्हणाल्या, ही बया कोण? मग वडी हुंगली, सुरीने कापली, कापलेल्या बाजूला जिभेचं टोक लावलं आणि थुंकल्या. "कच्चा आहे," एवढंच बोलल्या.

त्यानंतर कारखान्याच्या वकिलाची नोटीस आली. जिजी हे नाव साबणासाठी वापरणं ताबडतोब बंद करा, दारावरची पाटी उतरवा, नाहीतर दावा लावू. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बीळ खोदणाऱ्या उंदरालाच नोटीस देणारा नागोबा आम्ही पहिल्यांदा पाहिला. गल्लीत सगळ्यांनी सल्ले दिले. बहुतेकांचं म्हणणं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, पाटीवर दुसरं काही लिहा. जिजी म्हणाल्या, दुसरं काय लिहू?

पाटी तशीच राहिली, दावा लागला, आणि आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. छापखान्याच्या वर त्यांची खोली होती, खालच्या यंत्राने टेबल सतत थरथरायचं. बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, नोंद मोठी गोष्ट आहे, पण शेवटची नाही. आधीपासून, उघडपणे, प्रामाणिकपणे जो नाव वापरत आला त्याचा हक्क नुसत्या नोंदीने जात नाही. फक्त ते सिद्ध करावं लागतं. बिलं आहेत का? जिजींनी जन्मात बिल दिलं नव्हतं. मग साक्षीदार आणा, बाई म्हणाल्या, जुनी गिऱ्हाइकं चालतील, पण घरातलं कोणी असेल तर उत्तम. साबण कोणी सुरू केला, कधी केला, जिजी कोणाला म्हणतात, हे सगळं पाहिलेलं माणूस.

असं माणूस एकच होतं. जिजी स्वतः धाकटीकडे गेल्या. परत आल्यावर मला सांगितलं की तिने चहा केला, तब्येतीची चौकशी केली आणि त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. "मुलगा आहे तिचा," जिजी म्हणाल्या. "मी तरी काय केलं असतं." तोवर त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. धाकटी साक्षीला येणार नाही एवढीच त्यांची समजूत होती.

धाकटी आली. कारखान्याच्या बाजूने आली. साडी मीच शिवलेल्या पोलक्यावर नेसली होती. तिला विचारलं, साबण कोणी सुरू केला? ती म्हणाली, आम्ही घरातले सगळेच करायचो. जिजींचं लग्न झालं तेव्हा ती लहान होती, त्या काळात ओळखीच्या तेलवाल्याकडून तेल ती आणायची, साचेही तिने भरले होते, म्हणजे तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. मग त्यांच्या वकिलाने विचारलं, या बाईंना जिजी म्हणतात हे खरं का?

धाकटीने बहिणीकडे पाहिलं नाही. हातातला रुमाल घडी करत म्हणाली, "आमच्यात मोठ्या बहिणीला जिजी म्हणतात. जिजी घरोघरी असतात."

जिजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला नाही, रडल्या नाहीत. फक्त तोंडातल्या तोंडात ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, जणू नीट ऐकू आलं नव्हतं.

खटला पुढच्या तारखेवर, मग त्याच्या पुढच्या तारखेवर गेला. दरम्यान एके सकाळी एक बाई मुलीला घेऊन दारात आली. मुलीचे दोन्ही हात खांद्यापर्यंत लाल, पापुद्रे सुटलेले. बाई ओरडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. म्हणाली, "माझ्या आईने तुमचाच साबण वापरला, मी वापरला, म्हणून हिला आणला. तुम्ही असं कसं केलंत?" जिजींनी सांगितलं, बाई, हा माझा नाही, माझ्या वडीला खोका नसतो. बाई म्हणाली, खोक्यावर तुमचं नाव आहे.  जिजी त्या मुलीच्या हाताकडेच बघत राहिल्या. ती गेल्यावर म्हणाल्या, माझं नाव बघून आणला गं तिने.

बाईने ग्राहक न्यायालयात तक्रार केली. तिचं काही चुकलं नाही. तिने दुकानदाराला धरलं, कारखान्याला धरलं आणि पाटी बघून जिजींनाही धरलं. वकीलबाई म्हणाल्या, तक्रार करणाऱ्याला माल कोणी केला ते कसं कळणार? ज्याचं नाव दिसेल त्याला तो ओढणारच. तुम्ही माल केला नाही हे आपण दाखवू. म्हणजे एका न्यायालयात जिजींना 'जिजी मीच' असं सांगायचं होतं आणि दुसऱ्यात 'ही जिजी मी नव्हे'.

पण कारखान्याने त्याहून मोठी उडी मारली. पहिल्या ठिकाणी त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की हे नाव फक्त आमचं, या बाईचा त्याच्याशी संबंध नाही. ग्राहक न्यायालयात त्यांच्याच दुसऱ्या वकिलाने लिहून दिलं की याच नावाने एक बाई पूर्वीपासून घरी साबण बनवून विकते, तक्रारीतली वडी तिचीही असू शकते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले, आणि दोर स्वतःच्या हाताने विणला. वकीलबाईंनी 'पूर्वीपासून' हा शब्द वाचला, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच हसल्या. जे धाकटीच्या तोंडून निघालं नाही ते कारखान्याच्या तोंडून निघालं होतं.

त्या एका शब्दावर आणि गल्लीतल्या सात-आठ बायकांच्या साक्षीवर जिजी जिंकल्या. नाव त्यांचं ठरलं, भाच्याची नोंद रद्द झाली, कारखान्याला खोके उचलायला सांगितलं. ग्राहक न्यायालयातून जिजींचं नाव वगळलं गेलं. त्या मुलीच्या आईशी कारखान्याने बाहेरच तडजोड केली, अट एवढीच की तिने यापुढे कुठे बोलायचं नाही. ती बोललीही नाही. त्यामुळे तो साबण जिजींचा नव्हता हे सांगणारं कोणी उरलं नाही.

गल्लीने जिजींना हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. पण गिऱ्हाईक आलं नाही. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी सरळ सांगितलं, त्या नावाने कातडी सोलते असं गिऱ्हाइकं म्हणतात, तो माल आता कोणी हातात धरत नाही. जुन्या बायका येत राहिल्या, पण त्याही वडी उलटीसुलटी करून बघायच्या, हुंगायच्या. एकीने विचारलं, हा नक्की तुमचाच ना? जिजींनी वडी तिच्या हातातून काढून घेतली आणि दार लावलं.

हिवाळ्यात त्या आणि मी औषधांच्या दुकानात उभ्या होतो. धाकटी पुढे होती. वळली, समोरासमोर आली, टाळायला जागा नव्हती. भाचा कुठे दूरच्या गावी गेला होता, तिथून आईला विचारतसुद्धा नाही असं आमच्या कानावर होतं. मला वाटलं, आता ती काही बोलेल, निदान रडेल.

"बऱ्या आहात ना तुम्ही?" धाकटी म्हणाली.

सख्ख्या बहिणीला तुम्ही. जिजींनी मान हलवली. धाकटी औषधं घेऊन गेली.  घरी जिन्याशी आल्यावर जिजी म्हणाल्या, "कोर्टाने नाव मला दिलं. त्या नावाने हाक मारायला ते कोणाला लावणार होतं?"

अंगाचा साबण त्यांनी बंद केला. आता कपड्यांच्या जाड लाद्या करतात. इस्पितळाचं धुलाईघर त्या घेतं. तिथे नाव विचारत नाहीत, वजन विचारतात. भिजवलेल्या चादरींना कोणाच्या नावाशी काय देणंघेणं, असं जिजी म्हणतात. विनोदाने म्हणतात असं मला आधी वाटायचं.

खटला जिंकलेली बाई म्हणून लोक मात्र त्यांच्याकडे विचारायला येतात. परवा दोघं भाऊ आले होते, पाव-बिस्किटांचं दुकान काढणार म्हणून. घरमालकाचा करार कसा करावा, बिल द्यायलाच हवं का, विकलेला माल परत घ्यावा लागतो का, असे प्रश्न घेऊन. जिजींनी ठाऊक होतं तेवढं सांगितलं: बिल द्या, खराब निघाला तर परत घ्या, 'माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून कोणी सुटत नसतं, बाकी वकीलबाईंना विचारा. मग जिजींनी विचारलं, दुकानाचं नाव कोणाच्या नावाने नोंदवताय?

"दादाच्या," धाकटा म्हणाला. "एकच आहे हो. घरातच राहणार."

"भांडलात तर?"

दोघं हसले. आमच्यात तसलं काही होत नाही, मोठा म्हणाला, आणि त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. जिजी हसल्या नाहीत. त्यांनी धाकट्याकडे बघून सांगितलं, "दोघांच्या नावाने नोंदव. आणि आजच, त्याचा हात तुझ्या खांद्यावर आहे तोवर."

मोठ्याने हात काढून घेतला. त्याला राग आला होता. चहा अर्धा टाकून तो उठला, धाकटाही त्याच्या मागोमाग निघाला. बाहेर गल्लीत त्यांचे आवाज चढलेले आम्हाला ऐकू आले. मी म्हटलं, जिजी, कशाला भांडण लावलंत त्यांच्यात? त्यांनी कप उचलले, मोरीत नेऊन ठेवले आणि म्हणाल्या, आज भांडले तर स्वस्तात सुटतील.