पापडासारखे रुमाल

सोमवार, १३ ऑगस्ट २००७. वीज अकरा ते तीन नव्हती. दूध नासले, पनीर केले. कमळाची तक्रार : ओवीचे रुमाल वाळल्यावर पापडासारखे कडक होतात. व्हाइटनरचे थिनर पुन्हा संपले, या महिन्यातली तिसरी बाटली. दुकानदाराला विचारणे.

एवढं लिहून विद्युल्लताबाईंनी पेनाला टोपण लावलं. ही त्यांची एकेचाळिसावी डायरी. कल्याणच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं की चुकलेला शब्द एकाच रेघेने खोडायचा. खालचं वाचता आलं पाहिजे. यजमान गेले त्या दिवशीही त्यांनी लिहिलं होतं : 'ह्यांना सकाळी ६.१० ला देवाज्ञा. उद्यापासून दूध अर्धा लिटर कमी सांगितले.'

मुलगा देवेश आणि सून विनिता सकाळी साडेसातला ठाण्याला नोकरीवर जात, ते रात्री आठला येत. मधल्या वेळात घरात बाई, कपडे-भांड्याला येणारी कमळा आणि दुपारी शाळेतून येणारी नात ओवी. ओवी दहावीत होती. विज्ञानाची जर्नल्स खाडाखोड न करता लिहायची, म्हणून बाईंनीच तिला व्हाइटनर आणून दिलं होतं. खोक्यात दोन बाटल्या : एक पांढऱ्या रंगाची, दुसरी तो पातळ करायच्या थिनरची. पांढरी तशीच राही आणि थिनर मात्र संपे.

मंगळवारी बाई केसरीनाथच्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या.

"तुमच्या बाटल्या गळतात."

"आजी, सील हाय. गळंल कशी?"

"मग हवेत उडतं का?"

"उडत आसंल," केसरीनाथ म्हणाला. वाद नको म्हणून त्याने एक बाटली बदली दिली.

संध्याकाळी बाईंनी ती ओवीच्या हातात ठेवली. "झाकण घट्ट लाव. उडतं ते."

"हो आजी," म्हणत ओवीने त्यांना मिठी मारली. बाईंनी लिहिलं : 'दुकानदाराने चूक कबूल केली. ओवी खूश.'

गुरुवारी कमळाने दोरीवरचा रुमाल काढून हुंगला आणि तो बाईंच्या नाकापुढे धरला.

"बाई, आमच्या चाळीत पावरलूमवरची पोरं ह्येच हुंगतात. रुमालावर वततात न् नाकाला लावतात."

"अगं, जर्नलला लागतं ते तिला."

"जर्नल नाकानं लिवतात काय?"

कमळा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "गेल्या साली माझ्या नवशासाठी रडत व्हते, तवा तुमीच बोललात. घरात शिस्त न्हाय, म्हणून पोरगा बिघडला. आता बोला!" मग रुमालाची घडी घालताना तिचा आवाज जरा खाली आला. "ठाण्याला सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी याचा डॉक्टर बसतो. नवशाचं तिथंच सुटलं."

ओवी शाळेतून आली. बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. डायरीत कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या, ती पानं वाच म्हणून सांगितलं.

'२६ जून. ओवीला व्हाइटनर आणले. अक्षर सुबक.'

'११ जुलै. ओवीला सर्दी. नाक लाल, ताप नाही.'

'२० जुलै. ओवी कमळावर ओरडली, मग तासभर हसत होती. वयाचा परिणाम.'

'३ ऑगस्ट. ओवी जेवली नाही. डोके दुखते. चष्म्याचा नंबर तपासणे.'

ओवीने डायरी मिटली. "हे सगळं तू बघितलंस?"

"हो."

"आणि तुला कळलं नाही?"

"नाही. मी लिहीत होते."

मग ओवीने सांगितलं. गणिताच्या चाचणीआधी वर्गातल्या एकीने रुमाल पुढे केला. दोन मिनिटं डोकं रिकामं झालं. "छान रिकामं, आजी. टक्के नाहीत, क्लास नाही, काही नाही." पुढे एकदा घेऊन पुरेना. आता नाही घेतलं तर हात थरथरत. "बाबांना सांगू नकोस. ते शाळाच बंद करतील."

"मी नाही सांगणार. तू सांगायचंस. मी शेजारी बसते."

रात्री जेवताना ओवीने सांगितलं. देवेश उठला, बसला, पुन्हा उठला. विनिताची पोळी तव्यावर जळली.

"उद्यापासून शाळा बंद!"

"बस," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा शाळेत झालं, पण रोजचं आपल्या घरात झालं. शाळा बंद केलीस तर ती दिवसभर इथेच असेल. आणि बाटली मी आणून दिली. मलाही घराबाहेर काढणार आहेस का?"

देवेश बसला.

पुढच्या गुरुवारी सगळे ठाण्याला गेले. कधीपासून आणि किती, असं डॉक्टरांनी विचारलं. आईवडील एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी पिशवीतून डायरी काढली. डॉक्टर बराच वेळ वाचत होते.

"इथे सगळे म्हणतात, एकदाच घेतलं," ते म्हणाले. "तारखा पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी सरळ सांगितलं. मुलगी वाईट नाही; मेंदूला सवय लागली आहे. पण हे हुंगताना एखाद्या वेळी हृदय जागीच थांबू शकतं, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. सुटता सुटता पुन्हा एखाद्या वेळी घेतलं जाईल. तेव्हा मारायचं नाही, लपवायचं नाही, इथे यायचं.

घरी आल्यावर बाईंनी गेल्या वर्षीची डायरी काढली. 'कमळाचा मुलगा नशा करतो. घरात शिस्त नाही.' दुसऱ्या वाक्यावर त्यांनी एक रेघ ओढली आणि समासात आजची तारीख घातली.

सप्टेंबरभर ओवी चिडचिडी होती, मग जेवू लागली. दोरीवर रुमाल मऊ वाळत. सहामाहीत गणिताचा पेपर झाला त्या दुपारी तिने दप्तरातून एक रुमाल काढला आणि बाईंच्या टेबलावर ठेवला. तो कडक होता.

"आज. एकदाच. पेपरच्या आधी."

बाईंनी रुमालाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "डोकं दुखतंय?"

"थोडं. आजी, लिही ना."

"लिहिते. परवा गुरुवार आहे, जाऊ."

"बाबांना सांगताना बसशील?"

"बसते."

मंगळवार, १६ ऑक्टोबर. ओवीचा गणिताचा पेपर. तिने स्वतः सांगितले. कमळा उद्या येणार नाही. एक रुमाल भिजत घातला.