जिन्यातली दहा मिनिटं

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. एकवीस वर्षं तिने दुसरं काही शिवलंच नव्हतं. तासाचं काम वेळेत झालं की सुपरवायझर घंटी वाजवून मशीनवर चॉकलेट ठेवायचा. पाणी प्यायला उठलं की मात्र डोळे वटारायचा.

हळूहळू तिचं एका चॉकलेटने भागेना. घरी कुकरची शिट्टी झाली तरी हात साखरेच्या डब्याकडे जायचा, आणि चमचाभर तोंडात टाकूनही गोड म्हणून काही लागायचं नाही. नर्स असलेल्या धाकट्या जावेने समजावलं, "ताई, सतत ताण असला की मेंदू गोडाला हपापतो. आणि रोज गोडाचा मारा झाला की त्याला त्याचं काही वाटेनासं होतं. मग तो आणखी मागतो."

"म्हणजे ही सवय मला कारखान्याने लावलीय!" कॉलरवालीचं डोकंच सणकलं.

दुसऱ्या दिवशी तिने चॉकलेट परत सरकवलं. सुपरवायझरला वाटलं, लहान पडलं. त्याने खिशातून मोठं काढलं.

"मला काय सर्कशीतला घोडा समजलात? खा तुम्हीच. मी दहा मिनिटं बसणार."

"आणि कॉलर कोण शिवणार?"

"तुम्हीच बसा की मशीनवर!"

ती जिन्यात जाऊन डब्यातलं गाजर खात बसली. ते लाकडासारखं लागलं. तरी ती रोज जाऊन बसली. बऱ्याच आठवड्यांनी एका दुपारी गाजर गोड लागलं. तोवर बाकीच्या मशीनवाल्याही येऊन बसू लागल्या होत्या, जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.