छातीइतक्या पाण्यात

“पाण्यात चालायला सांगलीला कशाला जायचं? म्हशी रोज चालत्यात की ओढ्यात.”

केरबा हे तीन वर्षांपूर्वी पारावर बोलला होता, आणि माणसं पोट धरून हसली होती. त्याच्या बायकोचे, राहीबाईचे, गुडघे तेव्हा नुकते धरू लागले होते. डॉक्टरांनी तिला सांगलीतल्या एका पोहण्याच्या तलावात, कोमट पाण्यात व्यायाम करायला सांगितलं होतं. केरबा पलटणीतून हवालदार होऊन आलेला. पाठीला सुका भोपळा बांधून कुंडल गावातली निम्मी पोरं त्यानंच विहिरीत पोहायला शिकवलेली. पाण्यातलं आपल्याला कोण सांगणार, असा तोरा. शिवाय त्या विहिरीत बाई कधी उतरली नव्हती. धुणं घेऊन काठावरच्या थारोळ्यापर्यंत, मोटेचं पाणी पडतं तिथवर, बस्स. डॉक्टरांची चिठ्ठी त्यानं फडताळात टाकली. पुढं तिच्या हातात काठी आली, तेही त्याला वयाचंच वाटलं.

यंदा उसाच्या सरीत पाय पिरगळून त्याचाच गुडघा गेला. ऑपरेशन झालं, आणि त्याच तलावाची चिठ्ठी मिळाली.

पहिल्या दिवशी त्यानं ऐटीत लांब हात मारले आणि गुडघा सुजवून घेतला. व्यायाम घेणारी क्षमा त्याच्या नातीच्या वयाची. पोहायचं नाही, चालायचं, तिनं बजावलं. छातीइतक्या पाण्यात अंगाचा बराच भार पाणीच उचलतं, गुडघ्याला नुसतं हलायचं काम उरतं. मग आठ बायकांच्या रांगेत हवालदार खाली मान घालून चालू लागला. दोन महिन्यांत त्याची काठी सुटली. तो एसटीत कुणाचा हात न धरता चढू लागला, आणि मागं वळून राहीबाईला हात देऊ लागला. हात देताना तिच्या तोंडाकडं बघणं त्याला जमेना. ती टॉवेल आणि डबा सांभाळत काठावरच्या बाकावर बसायची.

एके दिवशी क्षमानं तिला सहज विचारलं, आजी, तुम्ही का नाही येत पाण्यात?

“ह्यांनी लय सांगितलं, बाई,” राहीबाई म्हणाली. “मीच आले न्हाई. पाण्याचं भ्या वाटतं.”

“आजोबा, घरात कुणी ऐकत नाही वाटतं तुमचं,” रांगेतली एकजण म्हणाली. बायका हसल्या. केरबालाही हसून सुटता आलं असतं.

“खोटं बोलतीया ती,” तो म्हणाला. “मीच आडवलं. चारचौघांत म्हशीत काढलं तिला.”

हसू थांबलं. क्षमा बाकाशी गुडघे टेकून बसली. तिनं राहीबाईचा पाय हलकेच वाकवून पाहिला. तो अर्ध्यात अडला. दुखणं कमी होईल, ती म्हणाली, चालणंही सुधारेल. पण गुडघा पहिल्यासारखा वाकणं आता अवघड आहे. तेव्हाच आला असता तर, एवढं बोलून ती थांबली. कपडे मी देते, डॉक्टरांना आत्ताच विचारून घेते, आजच सुरू करू, म्हणत तिनं हात पुढं केला.

राहीबाईनं तो हात धरला नाही. तिनं आधी पाण्यातल्या नवऱ्याकडं पाहिलं.

“आवं, उतरू का मी?”

पंचेचाळीस वर्षं ती असंच विचारत आली होती, आणि केरबाला ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. हो म्हणायचं त्याच्या ओठावर आलं. पण हो म्हणणारा तरी आपण कोण? कठड्याला धरून तो एकेक पायरी वर आला, तिच्या वाटेतून बाजूला झाला, आणि ओल्या अंगानंच, तिचं तिला ठरवू दे म्हणून, दारातून बाहेर निघून गेला.