भिंतीला सांगितलेलं

लग्न होऊन मी तापीकाठच्या त्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात मला भिंतीशी बोलायला शिकावं लागलं. सुनेनं सासऱ्याशी आणि जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंड उघडून बोलायचं नाही, अशी आमच्याकडे रीत होती. पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि काही सांगायचंच असेल तर ते भिंतीला नाहीतर गोठ्यातल्या गायीला सांगायचं. "गायमाय, घरमा मीठ सरी गयं." गाय ऐकायची, ओट्यावर बसलेले सासरेही ऐकायचे, आणि संध्याकाळी मीठ घरात यायचं. मी सातवी शिकलेली, मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. माझी जेठाणी मात्र त्यात तरबेज होती. वेळ पडली तर ती भिंतीशी भांडायचीसुद्धा.

घरात आम्ही चौघंच असायचो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझा नवरा शहाद्याला कचेरीत कारकून, तो रविवारी यायचा. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांच्या गळ्यात तुळशीची कंठी होती, शब्दाला वजन होतं, आणि चावडीवर दारूबंदीची सभा भरली की अध्यक्ष तेच असायचे. जेठ त्यांचा थोरला मुलगा. हा माणूस बैलांना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः पाणी प्यायचा नाही. माझ्याशी तो कधी एक शब्द बोलला नाही, बोलणार तरी कसा, पण उंबऱ्याशी आला की न चुकता खाकरायचा. आम्ही पदर सावरावा म्हणून. त्याचं ते खाकरणं इतकं हलकं असायचं की जणू घरात शिरायची परवानगीच मागतोय.

तो न खाकरता आत आला की आम्ही दोघी समजायचो, आज घेतली आहे.

त्याची सुरुवात बांबूपासून झाली. केळीच्या घडांना टेकू द्यायला बांबू लागायचे, ते आणायला दरवर्षी जेठ गाडी घेऊन धडगावच्या बाजूला डोंगरात जायचा. वर गेलं की मुक्काम पडायचा, आणि तिकडे पाहुण्यापुढे मोहाची दारू ठेवतात. ती आदरानं ठेवलेली असते, तिला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. पहिली काही वर्षं ते डोंगरातच राहिलं. मग ते खाली आमच्या दारापर्यंत आलं, गवताच्या भाऱ्यात दडवलेल्या सायकलच्या ट्यूबमधून. बाहेर दारूबंदी, घरात कंठी. त्यामुळे आमच्या घरात तो शब्दच कुणी उच्चारत नव्हतं. 'त्यांना बरं नाही' एवढंच म्हणायचं, आणि खरंच त्याला बरं नव्हतं, हे आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं.

एका हिवाळ्यात तो भर बाजारात चावडीपुढे पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे आबा त्याला प्रकाशा गावी संगमावर घेऊन गेले, तापीचं पाणी त्याच्या ओंजळीत दिलं, गळ्यात नवी कंठी घातली आणि शपथ घ्यायला लावली. आजपासून थेंब नाही. परत आले तेव्हा जेठ उंबऱ्याशी खाकरला. जेठाणीनं माझा हात धरला. मी तिला इतकी आनंदात त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

शपथ त्यानं पाळली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तो घराबाहेर पडलाच नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कपबशी थरथर वाजायला लागली. मग घामानं सदरा भिजला, मग झोप उडाली, आणि मग त्याला गादीवर मुंग्या दिसायला लागल्या. लाल मुंग्या, भिंतीवरून उतरणाऱ्या. बैल सुटलेत म्हणून तो ओरडत अंगणात धावायचा, आणि बैल समोर दाव्याला बांधलेले असायचे. आबांनी हे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. यानं शपथ मोडली, तापीमाय शिक्षा करते आहे. त्यांनी त्याला कपाशीच्या कोठीत लोटलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

आतून त्याचा आवाज यायचा, "आबा, मी नई पेयेल. मी नई पेयेल." आणि ओट्यावर आबा माळ ओढत बसलेले. तो खरं बोलत होता. मला ते माहीत होतं, जेठाणीला माहीत होतं. जेठाणी नवऱ्याबद्दल भिंतीला म्हणाली, "भिंत, त्या पेयेल नईत. मी घरमाच व्हतू." आबा उठून गोठ्यात गेले.

रविवारी माझा नवरा आला तेव्हा जेठाची दातखीळ बसली होती. मग गाडी जुंपून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे आबांनी डॉक्टरला सांगितलं, हिवताप आहे. अंग थरथरतंय, घाम फुटतोय, बडबडतोय, डॉक्टरलाही ते पटलं. त्या काळी आमच्याकडे दर दुसऱ्या घरात हिवताप असायचाच. त्यानं कोयनेल दिलं. कडू गोळ्यांनी जेठाच्या कानात दडे बसले, एवढाच काय तो गुण आला. मी पदराआड उभी होते आणि माझ्या जिभेवर तो एक शब्द नुसता वळवळत होता. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर धुळ्याचं मोठं इस्पितळ. गाडीनं तापी उतरून पलीकडे एसटी धरायची होती. माझा नवरा रजा काढून आला, जेठाणी शुश्रूषेला म्हणून आणि मी तिला पाट्या वाचून दाखवायला. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी जेठाची बुबुळं पाहिली, हात पुढे धरायला सांगितला, आणि सरळ विचारलं, "दारू पितात का?"

आबांनी छातीवरची कंठी उचलून दाखवली. "आमच्या घरात ही आहे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर म्हणाले, "कंठी मी पाहिली. मी यांच्याबद्दल विचारतोय."

माझा नवरा छताकडे पाहत राहिला. मला त्याचा असा राग आला की आजही आठवला की येतो. मग जेठाणी भिंतीकडे वळली. इस्पितळाची भिंत, निम्म्यापर्यंत हिरवी रंगवलेली. तिला ती म्हणाली, "भिंत, तुले सांगस. त्या रोज पेतस. रोज पेयेत. सपत लिधी आनि एकदम बंद करं, तवयपशी हाई व्हयनं."

आबा तडक उठले आणि वार्डाबाहेर गेले. सून परक्या पुरुषापुढे नवऱ्याबद्दल असं बोलते, तिथे सासरा उभा कसा राहणार. लाज त्यांनाही होतीच, ती काही एकट्या बायकांना नव्हती. पण त्यामुळे झालं असं, की डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते आबांनी ऐकलंच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं शरीराला सवय लागलेली असते, ती एकदम तोडली की माणूस असा होतो, मरूही शकतो. यांनी शपथ मोडली असती तर इथे आले नसते, ते म्हणाले. पुन्हा कधी असं झालं तर कोंडू नका, इथे आणा, आम्ही हळूहळू उतरवतो. जेठाणी तोंडात पदर धरून ऐकत होती.

इंजेक्शनं झाली, ग्लुकोजच्या बाटल्या लागल्या. मुंग्या कमी झाल्या, मग गेल्या. जेठ भात खायला लागला. घरी सोडताना डॉक्टर जरा घुटमळले. म्हणाले, "आमचं काम इथे संपतं. खरं तर यांना आता काही महिने कुठेतरी ठेवायला हवं, जिथे यांच्यासारखीच माणसं असतील, कुणी समजावणारं असेल. तशी जागा माझ्या माहितीत नाही. पुढे आहे ते पुण्याचं वेड्यांचं इस्पितळ, आणि तुमचा माणूस वेडा नाही." मग त्यांनीच उत्तर दिलं, "म्हणजे घरच."

आज व्यसनमुक्तीची केंद्रं निघाली आहेत, आधी हे, मग ते, मग महिन्यातून एकदा या, असं काहीबाही सांगतात. मी ऐकते आणि तो घुटमळलेला डॉक्टर आठवतो. आमच्यापुढे पायऱ्या होत्या त्या अशा, घर, कोयनेल, धुळे, आणि परत घर.

घरी आल्यावर आबांनी गावाला सांगितलं, टायफॉइड झाला होता. गावानं मोसंबी आणली. टायफॉइड झालेल्या माणसाला जे जे करायचं ते सगळं आमच्या घरात झालं, मऊ भात, मुगाचं पाणी. आणि टायफॉइड बरा झालेल्या माणसाला जे सांगायचं तेही झालं. उन्हाळ्यात केळी भरली, घड वाकायला लागले, आणि आबा म्हणाले, गाडी जुंप, बांबू आण.

त्या दिवशी जेठाणी भिंतीशी फार बोलली. धुळ्याचे डॉक्टर काय म्हणाले ते सगळं तिनं सांगितलं, पहिल्यापासून. पण तिनं तोंड उघडलं की आबा पायात वहाणा सरकवून बाहेर पडायचे. रविवारी मी नवऱ्यामागे लागले, तुम्ही तरी सांगा. त्यानं सांगितलं. आबा म्हणाले, "दवाखानामा बाया बोलन्यात, तेवर डॉक्टर बोलना." घरातल्या सगळ्या पुरुषांत दोन सुनांची कुणाला दहशत वाटत असेल तर ती त्या म्हाताऱ्याला, आणि आम्ही दोघी मात्र त्याच्यापुढे मान वर करत नव्हतो.

जेठ डोंगरात गेला. तिथल्या माणसांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुणा आला, दुखण्यातून उठून आला, त्यांनी आनंदानं त्याच्यापुढे ठेवली. गाडी परत आली ती बांबूंनी गच्च भरलेली, आणि तो उंबऱ्याशी खाकरला नाही.

मृग लागेपर्यंत ते पहिल्यासारखं झालं आणि पावसात पहिल्यापेक्षा वाईट. मग एका सकाळी आबांनी तांब्यात तापीचं पाणी आणवलं. गढूळ, पुराचं पाणी. जेठ ओट्याखाली बसला होता. तांब्याकडे पाहून तो म्हणाला, "आबा, सपत नको. मांगली सपत मी पाळेल व्हती."

बापापुढे तो एवढं बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. आबांचा हात थांबला. मला वाटलं, आता विचारतील, पाळली होतीस म्हणजे काय, कोंडलं तेव्हा तू प्यायलेला नव्हतास? त्यांनी विचारलं नाही. त्यांनी तांब्या पुढे केला, आणि जेठानं ओंजळ धरली. बापानं दिलेलं पाणी तो खाली सांडू देणार नव्हता.

पुन्हा कपबशी वाजली, पुन्हा मुंग्या उतरल्या, पुन्हा कोठीला कुलूप पडलं. या वेळी कोठीत कपाशी नव्हती, कोपऱ्यात सरकीचा ढीग आणि भिंतींना चिकटलेली बोंडांची तुसं. किल्ली आबांच्या करदोट्याला. तापी दुथडी भरून चालली होती, पलीकडे नेणारी नाव बंद होती, आणि शहाद्याच्या वाटेवरचा नालाही चढला होता, त्यामुळे माझा नवराही येऊ शकत नव्हता. धुळे नावाचं गाव जणू जगात उरलंच नाही. जेठाणी सकाळपासून भिंतीला सांगत होती, कोंडू नका, डॉक्टर म्हणाले होते कोंडू नका. दुपारी आतला आवाज थांबला.

तेव्हा तिनं पदर मागे टाकला. उघड्या डोक्यानं ती ओट्यावर आली आणि सासऱ्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "आबा, किल्ली द्या."

आबांनी तोंड फिरवलं. सुनेचं तोंड दिसलं म्हणून फिरवलं, एवढंच. ते चपळाईनं उठले आणि पावसात बाहेर पडले, किल्ली करदोट्याला तशीच. किल्ली द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना तिथे उभंच राहता आलं नाही.

आम्ही दोघींनी पहारीनं कोयंडा उखडला. जेठ सरकीवर आडवा होता, केसांत कापूस, अंग तव्यासारखं तापलेलं. त्यानं डोळे अर्धवट उघडले. दारात कुणी बायका उभ्या आहेत एवढं त्याला कळलं असावं. कारण त्यानं ओठ आवळले आणि तो खाकरला. अगदी हलकं, नेहमीसारखं.

मी पदर ओढला. काय करणार होते मी? माझा पदर खांद्यावर पडला होता आणि तो मरताना मला तो सावरायला सांगत होता. दिवस मावळायच्या आत तो गेला.

पूर ओसरल्यावर माणसं बसायला आली. आबा ओट्यावर, भोवती गाव. आबा सांगत होते, टायफॉइड उलटला, उलटलेला टायफॉइड फार वाईट. लोक माना हलवत होते. आत जेठाणी भिंतीला टेकून बसली होती, आता पदर हनुवटीपर्यंत. तिनं आवाज चढवला नाही, पण बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं.

"भिंत, टायफॉइड नव्हता. त्यास्नी सपत पाळी. दोन्ही येळ पाळी."

या वेळी आबा उठले नाहीत, एवढ्या माणसांतून उठून जाणार कुठे. ते जमिनीकडे पाहत बसून राहिले. तेवढ्यात पलीकडच्या गावची माणसं आली, कुणीतरी विचारलं, काय झालं होतं हो पोराला, आणि आबांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.