पँटीचा उजवा पाय

आमचे हे कुलपं दुरुस्त करतात. जन्मभर चोरांचाच विचार केल्यामुळे ह्यांना सख्ख्या माणसातही चोर दिसतो.

मध्यंतरी उजवा गुडघा दुखावला आणि हे दुकानातल्या खुर्चीला चिकटले. गुडघा बरा झाला, पण बूड काही हललं नाही. चावी हवी की मला हाक, पाणी हवं की मला हाक. एक दिवस आरशासमोर उभे राहून म्हणाले, "ही पँट माझी नाही. उजवा पाय ढगळ आहे. कोणीतरी बदलली." आधी संशय धोब्यावर, मग शिंप्यावर, मग माझ्या भावावर, कारण तो जाडा आहे.

शेवटी मी ह्यांना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोन्ही मांड्या चाचपल्या. "काका, पँट तीच आहे, मांडी आटली. स्नायूला काम दिलं नाही की शरीर त्याला पोसत नाही. रोज हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं."

बाहेर येताच हे कुजबुजले, "ही धोब्याची कोणी लागते का?"

मी चाव्यांची खुंटी समोरच्या भिंतीवर हलवली आणि हाकांना बहिरी झाले. हे मला शिव्या घालत उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे.

काल तीच पँट घातली. दोन्ही पाय नीट बसले. म्हटलं, आता तरी पटेल.

हे आरशात बघत मिशीत हसले. "बघितलंस? घाबरून परत आणून ठेवली."